कॅलिक्स म्हणजे नुसतं नरसाळं नाही

किडनीची आकृती आपण सगळ्यांनी काढलेली आहे. नेफ्रॉनवर पानंच्या पानं लिहायची आणि मधल्या पोकळीला ‘इथे मूत्र गोळा होते’ एवढ्या एका वाक्यात उरकायचं. आज त्या पोकळीबद्दल.

माणसाच्या किडनीत पिरॅमिडचं टोक, म्हणजे पॅपिला, पेल्यासारख्या लहान कॅलिक्समध्ये शिरलेलं असतं. कधी दोन-तीन टोकं जुळून एकाच कॅलिक्समध्ये उघडतात. लहान कॅलिक्स साधारण 8 ते 12. ते मिळून 2-3 मोठे, आणि मोठे मिळून रीनल पेल्विस. तिथून मूत्रवाहिनी. पेल्विसमध्ये मूत्र मावतं जेमतेम काही मिलिलिटर. साठवणं हे मूत्राशयाचं काम.

मग मूत्र खाली जातं कसं? ‘गुरुत्वाकर्षणाने’ असं सहज तोंडातून निघतं. पण आपण रात्रभर आडवे असतो तेव्हा काय? कॅलिक्सच्या भिंतीत अनैच्छिक स्नायू असतात आणि त्यांच्यात काही वेगळ्या पेशी पेसमेकरचं काम करतात. आकुंचनाची लाट तिथे सुरू होते, पेल्विसमधून मूत्रवाहिनीत उतरते. गंमत म्हणजे त्यासाठी मेंदूच्या आज्ञेची गरज नाही. प्रत्यारोपणात किडनीच्या नर्व्ह्ज कापल्या जातात, तरी ही लाट चालू राहते.

उलट दिशेचं काय? साध्या पॅपिलावरची छिद्रं फटीसारखी असतात, पेल्विसमधला दाब वाढला की मिटतात. जुळलेल्या पॅपिलाची छिद्रं मात्र गोल आणि उघडी, म्हणून मूत्र मागे किडनीत शिरू शकतं. अशा पॅपिला बहुतेक वरच्या आणि खालच्या टोकाला असतात. लहान मुलांत मूत्रवाहिनीतून मूत्र उलटं चढत असेल आणि संसर्ग झाला, तर किडनीवरचे व्रण त्याच टोकांना जास्त का दिसतात, हे त्यातून कळतं.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. सिनॉप्सिसमध्ये ‘कॅलिक्समधील आकुंचन’ असं शीर्षक आणि प्रयोगासाठी रॅट लिहिलात, तर पहिलाच प्रश्न तिथे येईल. रॅट आणि माऊसच्या किडनीत एकच पॅपिला असते, ती थेट पेल्विसमध्ये उघडते. माणसासारखे फांद्या फुटलेले कॅलिक्स नसतातच. लाट सुरू होते ती पेल्विसच्या वरच्या टोकाशी. पेसमेकर पेशींचा मूळ स्वभाव तपासायला हे प्राणी चालतील. पण अनेक कॅलिक्सच्या लाटा एकमेकींशी कशा जुळतात, हा प्रश्न असेल तर डुकराची किडनी घ्यावी लागेल, कारण तिच्यात माणसासारख्याच अनेक पॅपिला असतात.