लेकीची कमाई आणि तिचे वारस



बँकेत असताना खातेदार वारल्यानंतरचे क्लेम बरीच वर्षे माझ्या टेबलावर येत. त्यातला एक अजून विसरलो नाही. एक वृद्ध आई आपल्या नोकरदार लेकीची एफडीची पावती घेऊन आली. जावई आणि व्याही आधीच गेलेले, मूलबाळ नाही. लेकीने नॉमिनी म्हणून आईचे नाव दिले होते, म्हणून नियमाप्रमाणे आम्ही पैसे आईला दिले. काही महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, हातात वकिलाची नोटीस. लेकीच्या दिराने सगळ्या रकमेवर हक्क सांगितला होता. त्या म्हणाल्या, "साहेब, शिकवलं मी, आजारपणात उशाशी बसले मी, मग वारस तो कसा?"

उत्तर द्यायला मला जड गेले, कारण कायदा दिराच्या बाजूने होता.

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ सालचा आहे. पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर बायको-मुलांबरोबर त्याची आईही पहिल्या वर्गातली वारस असते. स्त्रीसाठी मात्र कलम १५ मध्ये वेगळा क्रम आहे. आधी मुले व पती, ते नसतील तर पतीचे वारस, आणि त्यांच्यानंतर तिचे आईवडील. आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत, मुले नसल्यास, माहेरी परत जाते. परंतु स्वतःच्या पगारातून साठवलेल्या पैशासाठी वेगळी तरतूदच नाही. कायदा झाला तेव्हा पगार मिळवणाऱ्या स्त्रिया फार थोड्या होत्या आणि लग्नानंतर मुलगी सासरची, हे सर्वांनी गृहीत धरले होते.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यातली स्त्री लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाली. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरच्यांनी शिकवले, ती नोकरीला लागली आणि १९९६ साली मृत्युपत्र न करता वारली. २००९ च्या निकालात तिची बँकेतली शिल्लक व प्रॉव्हिडंट फंड पतीच्या बहिणीच्या मुलांना मिळाला. न्यायालयाला सहानुभूती वाटली, पण कलमाचे शब्द बदलणे त्याच्या हातात नव्हते.

मग कायदा बदलेल का? मला वाटते, बदलेल. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क २००५ साली मिळाला. त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही, हे २०२० च्या निकालाने स्पष्ट झाले. कलम १५ बद्दल विधी आयोगाने २००८ मध्येच सुचवले आहे की अशा स्त्रीची स्वकष्टार्जित मिळकत सासर व माहेर या दोन्हीकडच्या वारसांना एकाच वेळी मिळावी. मला ही सूचना न्याय्य वाटते. सुनेने मुलीसारखे सांभाळलेल्या सासूला एकदम वगळणेही बरे नव्हे. उत्तराखंडात जानेवारी २०२५ पासून समान नागरी कायदा लागू झाला, त्यात स्त्री असो वा पुरुष, वारसाचा क्रम एकच आहे आणि आईवडील पहिल्याच वर्गात आहेत.

आपल्या बडोद्याला तर हे नवे नाही. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९०४ साली बालविवाहाला बंदी करणारा कायदा केला आणि १९३१ साली हिंदूंना घटस्फोटाचा हक्क दिला. देशाचा हिंदू विवाह कायदा आला १९५५ साली! समाज तयार होईपर्यंत महाराज थांबले नाहीत.

पण कायदा बदलेपर्यंत आपण काय करायचे? उपाय हातातला आहे. मृत्युपत्र केले की कलम १५ चा क्रम लागू होत नाही. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि त्यांनीही तिच्यासमोर सही करावी. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

आणि नॉमिनेशन म्हणजे मृत्युपत्र नव्हे, एवढे तरी लक्षात ठेवा. नॉमिनी बँकेकडून पैसे घेतो, पण मालकी कायदेशीर वारसांचीच राहते. काउंटरवर हे समजावून सांगताना माझी निम्मी नोकरी गेली, तरी निम्म्या लोकांना ते पटले नाही.

आपल्या मुली-सुना आज पुण्या-बंगळुरूला, परदेशात चांगल्या पगारावर आहेत. तिशीतल्या मुलीशी मृत्युपत्राची गोष्ट काढणे आपल्याला अशुभ वाटते, हे मी जाणतो. माझ्याही घरी हिने आधी कानावर हात ठेवले होते. पण मुलीने आमचे सगळे ऐकून घेतले आणि पुढच्याच सुट्टीत कागद करून टाकला. त्यात तिने सासूबाईंचेही नाव घातले आहे, हे वाचून हिचे डोळे भरून आले.

त्या आईंच्या लेकीने असा एक कागद केला असता, तर ती नोटीस आलीच नसती. येत्या सुट्टीत मुली घरी येतील तेव्हा हा विषय जरूर काढा.