गर्भिणीचा आहार आणि मनाची उदासी

डोहाळजेवण म्हणजे आपल्याकडचा मोठा हौसेचा सोहळा. त्या दिवशी गर्भिणीच्या पानात पक्वान्ने पडतात. दुसऱ्या दिवशी मात्र तीच बाई सर्वांची पाने उठल्यावर उरलेसुरले घेऊन जेवायला बसते. आम्हांला आज बोलायचे आहे ते या दुसऱ्या दिवसाच्या पानाविषयी.

बाळंतपणानंतर चार-आठ दिवस मन हळवे होणे, उगाच रडू येणे, हे पुष्कळजणींना होते व आपोआप निवळते. परंतु दोन आठवडे उलटले तरी अन्नावर वासना नाही, मूल जवळ घ्यावेसे वाटत नाही, जगणे नकोसे झाले, तर तो आजार समजावा. गोव्यातील मातांची एक पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. तीत प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा २३ मातांना हा आजार आढळला. आणि त्यांतील बहुतेकींचे मन गरोदरपणातच बिघडलेले होते!

मग यात अन्नाचा हात किती? रक्तातले लोह घटले की थकवा, चिडचिड, कशात लक्ष न लागणे सुरू होते, आणि उदासीची लक्षणेही हीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून अधिक गर्भिणींना रक्तक्षय होता. ब-१२ जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते; शाकाहारी घरात उरते ते दूध, आणि ते आधी कोणाच्या पेल्यात जाते हे आम्ही सांगायला नको.

तथापि अमुक खाल्ले की मन प्रसन्न, असा सोपा हिशेब नाही. मासे भरपूर खाणाऱ्या देशांत ही उदासी कमी दिसली, म्हणून ऑस्ट्रेलियात सुमारे २,४०० गर्भिणींवर माशाच्या तेलाचा प्रयोग झाला. २०१० साली निष्कर्ष निघाला, की तेलाने उदासी हटली नाही. शिवाय उदास बाईची भूकच आधी मरते. तेव्हा कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ओळखणे अवघड. गोव्यातही घरची गरिबी आणि नवऱ्याशी बेबनाव यांचा या आजाराशी संबंध दिसलाच होता.

लोहाच्या व फॉलिक आम्लाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्या जरूर घ्याव्यात, मात्र चहाबरोबर नको. चहाने लोह अंगी लागत नाही. आणि सातव्या महिन्यात सून म्हणाली, ‘जेवण जात नाही,’ तर ‘बाळासाठी दोन घास खा’ एवढ्यावर न थांबता झोप लागते का, रडू येते का, हेही सासूबाईंनी विचारावे, आणि तिचे उत्तर डॉक्टरांच्या कानी घालावे.