बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा

सुट्ट्या लागून आल्या की बोरघाटात काय होतं हे बातमी वाचायच्या आधीच ठाऊक असतं. चढावर रांगा, वैतागलेली पोरंबाळं, आणि बातमीच्या तळाशी एक ठरलेलं वाक्य : अनेक वाहनं गरम होऊन बंद पडल्यानं कोंडीत भर पडली. ती गरम का झाली, हे मात्र पुढे कोणी विचारत नाही. खापर उन्हावर फुटतं, नाहीतर एसीवर. दोघंही सामील आहेत, पण पुष्कळदा मुख्य आरोपी बॉनेटखाली असतो. रेडिएटरमधलं कूलंट कमी झालेलं असतं, आणि ते काही घाटात आल्यावर कमी झालेलं नसतं. चार-सहा महिने थेंबाथेंबानं जात होतं. पुण्या-मुंबईतल्या सपाट रस्त्यांवर ते खपून गेलं इतकंच.

उन्हाचं गणित समजून घेण्यासारखं आहे. इंजिनातलं कूलंट साधारण ९० अंशांवर फिरत असतं. बाहेर २५ अंश असतील तर उष्णता बाहेर टाकायला रेडिएटरला ६५ अंशांचा फरक मिळतो. मे महिन्यातल्या अकोला-चंद्रपुरात बाहेर ४५ असेल तर उरतो ४५ अंशांचाच. रेडिएटर तोच, पंखा तोच, ताकद मात्र जवळपास ३० टक्क्यांनी कमी. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेला, म्हणजे रेडिएटरपर्यंत येणारी हवा आधीच तापलेली. घाटात गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगते, समोरून वारा नाही. सगळं धडधाकट असेल तर गाडी यातूनही निघते, कंपनीनं तेवढं धरलेलं असतं. पण छोट्या गाडीत सगळं मिळून कूलंट असतं चार-पाच लिटर. त्यातलं लिटरभर गायब असेल तर खंडाळा लांब राहतो.

‘पण बाटलीत तर कूलंट होतं!’ असं रस्त्याकडेला उभा असलेला गाडीमालक म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. खोटं बाटली बोलते.

जपानी वळणाच्या गाड्यांत, म्हणजे आपल्याकडच्या मारुती, टोयोटा, होंडांपैकी बऱ्याचशा गाड्यांत, कूलंटची ती प्लास्टिकची बाटली दाबाखाली नसतेच. कूलंट तापून फुगलं की जास्तीचं रेडिएटरच्या झाकणातून नळीवाटे बाटलीत येतं. गाडी थंड झाली की रेडिएटरमध्ये पोकळी होते आणि ते परत ओढलं जातं. हा परतीचा दरवाजा म्हणजे झाकणाच्या मधोमध बसवलेली एक चिमुकली झडप. ती चिकटून बसली, किंवा झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं, की कूलंट परत येत नाही आणि त्याच्या जागी हवा शिरते. बाटली मॅक्सच्या रेषेला, रेडिएटर वरून कोरडा. रविवारी गाडी धुताना बाटलीकडे नजर टाकणारा माणूस खुशाल असतो. ओळखायची खूण सोपी आहे : गाडी तापलेली असताना आणि सकाळी थंड असताना बाटलीतली पातळी थोडी तरी वर-खाली व्हायला हवी. ती महिनोन्‌महिने एकाच जागी असेल तर संशय घ्यायचा, आणि सकाळी गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून आत बघायचं. कूलंट काठोकाठ दिसलं पाहिजे. युरोपीय पद्धतीच्या गाड्यांत, स्कोडा-फोक्सवॅगनसारख्या, बाटली स्वतःच दाबाखाली असते आणि झाकणही तिच्यावरच. तिथे पातळीवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो.

खोपोलीला जुन्या रस्त्यालगत गॅरेज चालवणारे एक उस्ताद आहेत. घाटातून ओढून आणलेल्या गाड्यांवर त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. बॉनेट उघडण्याआधी ते दोनच गोष्टी विचारतात. पहिली : ‘साहेब, टॉपअप कितव्यांदा?’ बंद व्यवस्थेतलं कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही. वर्ष-दीड वर्षात थोडंसं उतरलं तर समजू शकतं. दर महिन्याला मिनच्या खाली जात असेल तर ते कुठेतरी जातंय. दुसरी : ‘तापमानाचा काटा उभ्या गाडीत चढतो की पळत्या?’ सिग्नलला चढून वेग घेतला की उतरत असेल तर आधी पंखा, त्याचा फ्यूज आणि रिले बघायचा. मोकळ्या रस्त्यावर ताशी ९०नं जातानाही चढत असेल तर पंख्याचा दोष नाही. मग कूलंट कमी, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा रेडिएटर चोंदलेला.

मग ते झाकण हातात घेतात. अंगठ्याच्या नखानं मधली झडप ओढून सोडतात, ती टुणकन परत बसते का बघतात. रबरावरून बोट फिरवून तपकिरी गाळ पुसतात आणि झाकण उजेडाकडे तिरकं धरून चीर शोधतात. या एवढ्याशा वस्तूबद्दलचा त्यांचा आदर मला आधी अति वाटायचा. आता वाटत नाही. झाकण म्हणजे कुकरची शिट्टी. ते साधारण १ बार दाब धरून ठेवतं, म्हणून निम्मं पाणी-निम्मं ग्लायकोल असलेलं मिश्रण सव्वाशे अंशांच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. नुसतं पाणी भरलंय आणि झाकण दाब धरत नाही अशा गाडीत लोणावळ्याच्या उंचीवर ९८ अंशांनाच उकळी फुटते. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतंय, पाणी चालतं’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. शिवाय बोअरच्या जड पाण्यानं आत क्षार धरतात आणि ॲल्युमिनियम पोखरतं ते वेगळंच. अडीनडीला पाणी घाला, पण मग ते काढून टाकून कूलंट नीट भरून घ्या.

इथे मला एक राग काढू द्या. हल्लीच्या कितीतरी गाड्यांतून तापमानाचा काटाच काढून टाकलाय. गार इंजिनाला निळा दिवा, अति तापलं की लाल दिवा, मधल्या प्रवासाची काही खबरबात नाही. दहा-बारा इंची स्क्रीन देतात, गाणं कुणी गायलंय तेही दाखवतात, इंजिन किती तापलंय हे मात्र गुपित. जिथे काटा आहे तिथेही तो मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. बऱ्याच फरकापर्यंत मध्यावरच उभा, म्हणजे गिऱ्हाईक घाबरत नाही. त्याहून वाईट म्हणजे कूलंट फार उतरलं की सेन्सर उघडा पडतो. तो मग द्रवाचं नाही, वाफेचं किंवा हवेचं तापमान सांगतो. इंजिन भाजत असताना काटा चक्क खाली येऊ शकतो. चढलेला काटा अचानक उतरला म्हणून सुटकेचा श्वास टाकणाऱ्यांच्या गाड्याही उस्तादांकडे येतात.

कूलंट गेलं कुठे, याची उत्तरं दोन : बाहेर किंवा आत. बाहेरची गळती तशी प्रामाणिक असते. होजच्या क्लिपपाशी सुकलेला पांढरट-हिरवट थर, रेडिएटरचं प्लास्टिक आणि जाळी जिथे जोडलेली असते तिथला ओघळ, वॉटर पंपाखालचा डाग. गाडीखाली ओल दिसली तर आधी बोटानं बघा : बिनरंगी, बिनवासाचं पाणी एसीचं, रंगीत, बुळबुळीत, गोडसर वासाचं ते कूलंट. चाखून बघायचा मोह नको. एथिलीन ग्लायकोल विषारी असतं आणि गोड चवीमुळे गल्लीतली कुत्री ते चाटतात, तेव्हा डाग धुऊन टाका. गाडीच्या आत तोच गोडसर वास, काचेवर तेलकट धुकं आणि पुढे पायाखालचं कार्पेट ओलं असेल तर हीटरची जाळी गळतेय.

आतली गळती म्हणजे हेड गॅसकेट. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर, गार गाडी सुरू केल्यावर मिनिटभरातच दगडासारखा टणक झालेला वरचा होज, रेडिएटरमध्ये थांबायचं नाव न घेणारे बुडबुडे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की लगेच ‘हेड गेलं’ असा निकाल देणारे मिस्त्री खूप. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीतही दमटपणानं ती धरते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र गंभीर. खात्री करायला एक निळा द्रव मिळतो. रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून आतली हवा त्यातून ओढायची. जळलेल्या इंधनाचा वायू असेल तर द्रव पिवळा पडतो.

कूलंटच्या रंगावर फार विसंबू नका. हिरवं, गुलाबी, निळं हे कंपन्यांचे रंग आहेत, कुठल्याही नियमानं बांधलेले नाहीत. डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ आहे का, आणि गाडीच्या पुस्तकात कुठला प्रकार सांगितलाय, हे बघा.

घाटातच काटा चढू लागला तर एसी बंद, काचा खाली आणि हीटर पूर्ण. मे महिन्यात ही शिक्षा वाटेल, पण हीटर हाही एक छोटा रेडिएटरच आहे. काटा वर असताना हीटरमधून गार हवा आली तर कूलंट तिथवर पोचतच नाहीये. बाजूला घेऊन इंजिन बंद करा. वरचा होज मुठीत धरवेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. दाब सुटताच आतलं उकळतं कूलंट वाफेसकट एका क्षणात तोंडावर येतं.

आणि सर्व्हिसिंगच्या जॉबकार्डवर नुसतं ‘कूलंट टॉपअप’ लिहिलेलं असेल तर सही करण्याआधी प्रेशर टेस्ट केली का ते विचारा. हातपंपानं दाब भरून दहा-पंधरा मिनिटं तो टिकतो का बघायचं, एवढंच ते काम. त्यातही एक मेख आहे. तो पंप बसतो झाकणाच्या जागी. त्यामुळे झाकण वेगळ्या जोडणीवर तपासलं नाही तर कुचकामी झाकणाची गाडीही या परीक्षेत पास होते, आणि नवं झाकण काही शे रुपयांत मिळतं.