बाविसावा दिवस

एखादी गोष्ट सलग २१ दिवस केली की तिची सवय लागते, हा सल्ला योगवर्गाच्या पत्रकांपासून मोबाइलमधल्या ॲपपर्यंत सगळीकडे आढळतो. पहाटे उठणे, साखर सोडणे, सूर्यनमस्कार घालणे, रोज दोन पाने लिहिणे, साऱ्यांना मुदत तीच. आकडा इतका नेमका आहे, की त्यामागे सवयींवरचा एखादा प्रयोग असेल असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात तो आला आहे एका प्लास्टिक सर्जनच्या दवाखान्यातून.

मॅक्सवेल मॉल्ट्झ हे न्यूयॉर्कमधले शल्यविशारद. नाकाचा आकार बदलून घेतलेल्या रुग्णाला आरशातला नवा चेहरा लगेच आपला वाटत नाही, हे ते पाहत होते. हात किंवा पाय कापावा लागलेल्या माणसाला तो अवयव अजून जागेवरच असल्याचा भास काही काळ होत राहतो. नवे घरसुद्धा राहायला गेल्या गेल्या ‘आपले’ होत नाही. अशा निरीक्षणांवरून १९६० साली ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात त्यांनी लिहिले, की मनातली जुनी प्रतिमा पुसली जाऊन नवी रुजायला किमान सुमारे २१ दिवस लागतात. विषय होता झालेला बदल मनाने स्वीकारण्याचा. रोज पळायला जाण्याचा नव्हे. पुस्तक लाखोंनी खपले, यशाचे मंत्र देणाऱ्या वक्त्यांनी ते उचलले, आणि या हातातून त्या हातात जाताना ‘किमान’ व ‘सुमारे’ हे दोन्ही शब्द गळून पडले.

महाराष्ट्रात हा आकडा परका वाटण्याचे कारणच नव्हते. गणपतीला २१ दूर्वा आणि २१ मोदक इथे आधीपासूनच वाहिले जातात. गंमत म्हणजे नेम धरण्याची इथली जुनी मुदत बरीच लांब आहे: आषाढी एकादशीला सुरू होणारा चातुर्मास कार्तिकीपर्यंत चार महिने चालतो. तो संपला की नेमही सुटतो, ही गोष्ट वेगळी.

मानसशास्त्रात सवय म्हणजे ठरावीक प्रसंग समोर आला की फारसा विचार न करता घडणारी कृती. घरात पाऊल टाकताच चपला कोपऱ्यात जातात, किल्ली खुंटीला लागते. ही जोड पक्की होते ती त्याच प्रसंगी तीच कृती पुन्हा पुन्हा झाल्याने. म्हणून ‘रोज व्यायाम करीन’ हा संकल्प विरतो आणि ‘सकाळच्या चहानंतर चालायला जाईन’ हा जास्त टिकतो. कॅलेंडरवरच्या चौकोनांना या जोडणीत स्वतंत्र किंमत नाही.

याची मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केली. त्यांचा अभ्यास २०१० साली छापून आला. ९६ जणांनी खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी कृती निवडली, ती दिवसातल्या एका ठरावीक प्रसंगाला बांधली आणि १२ आठवडे नोंदी ठेवल्या. कृती आपोआप होऊ लागल्याची भावना आधी झपाट्याने वाढत होती, मग वाढीचा वेग मंदावून ती एका पातळीवर स्थिरावत होती. त्या पातळीजवळ पोहोचायला कोणाला १८ दिवस लागले, तर कोणाला लागतील ते हिशेबाने निघाले २५४. मधला आकडा ६६. पेलाभर पाणी पिण्यासारख्या साध्या कृती लवकर रुजल्या, व्यायामाला त्याहून बराच जास्त वेळ लागला.

याच अभ्यासाने आणखी एका जुन्या उपदेशाला धक्का दिला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस बजावले होते, की सवय मुरेपर्यंत एकही खाडा होऊ देऊ नये. खाडा म्हणजे जपून गुंडाळत आणलेला सुताचा गुंडा हातातून निसटणे. लॅली यांच्या नोंदींत एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा अडथळा आला नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन संशोधकांच्या अभ्यासात स्वतः भरलेल्या नोंदींऐवजी यंत्रांनी टिपलेली माहिती वापरली होती: जिममधल्या हजेरीच्या १.२ कोटींहून अधिक आणि रुग्णालयांतल्या हात धुण्याच्या ४ कोटींहून अधिक नोंदी. हात धुण्याची सवय काही आठवड्यांत लागत होती, जिमला जाण्याची लागायला महिने जात होते. हात धुण्याची संधी एका पाळीत कितीतरी वेळा येते, जिमची दिवसातून फार तर एकदा. शिवाय तिथे कपडे बदलायचे, बाहेर पडायचे, घाम गाळायचा. दोन्हींना एकच मुदत लावण्यात अर्थ नाही.

सल्ल्याचा खरा तोटा बाविसाव्या दिवशी कळतो. गजर वाजतो आणि पांघरूण पूर्वीइतकेच सोडवत नाही. मुदत चुकीची असेल हे मनात येत नाही, म्हणून दोष स्वतःच्या इच्छाशक्तीला दिला जातो आणि रुजू लागलेली गोष्ट मध्येच सोडली जाते. विकणाऱ्याला मात्र २१ सोयीचा: सुरुवात करावीशी वाटावी इतका छोटा, खरा वाटावा इतका मोठा.

आता ६६ दिवसांची आव्हानेही निघाली आहेत. हा आकडा ज्यांच्या नोंदी संशोधकांच्या गणिती आलेखात नीट बसल्या, अशा ३९ जणांवरून काढलेला आहे, आणि तो मधला असल्याने त्यांतल्या साधारण निम्म्यांना त्याहून अधिक दिवस लागणार होते. निरीक्षण तर ८४व्या दिवशीच थांबले होते. २५४ हा आकडा आलेखाची रेघ पुढे वाढवून काढलेला आहे.