माल श्वास घेत नाही

अमेरिकेत गावाबाहेरच्या रस्त्यालगत ट्रेलर विकणाऱ्यांची मोकळी आवारं असतात, आणि तिथे बंद पेट्यांच्या रांगा उभ्या दिसतात. आत पोलादी सांगाडा, बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, तळाला आणि भिंतींना प्लायवूड, खाली दोन किंवा चार चाकं. सुतार, रंगारी, बागकाम करणारे, फिरते विक्रेते यांची हत्यारं आणि माल वाहायला हे कार्गो ट्रेलर बनवले जातात. इंडियाना राज्यातला एल्कहार्टचा परिसर फिरत्या घरांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे; तिथे आणि जॉर्जियाच्या दक्षिण भागातही असे ट्रेलर मोठ्या संख्येने तयार होतात. काही माणसं यातलीच एखादी रिकामी पेटी घेतात, तिच्यात बिछाना, ओटा, दिवे, पंखा बसवतात आणि मोटारीमागे जोडून रानावनात निघतात.

तयार कॅम्परपेक्षा हे स्वस्त पडतं, हे कारण आहेच. मला मात्र भुरळ पडते ती त्या पेटीच्या मापांची. वरवर साध्या दिसणाऱ्या या खोक्याचं एकही माप उगाच आलेलं नाही. कुठलं कायद्यातून आलंय, कुठलं प्लायवूडच्या कारखान्यातून, कुठलं थेट भौतिकशास्त्रातून. आणि ही मापं ठरवताना ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता फक्त माल. त्यात माणूस झोपणार असेल तर निवड करताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते: आतलं फर्निचर पुढे कधीही बदलता येतं, पण उंची, रुंदी, आस आणि सांगाडा विकत घेताना जे मिळालं तेच कायम राहतं.

पहिली नजर जावी ती पुढच्या बाजूला चिकटवलेल्या छोट्या पाटीवर. माल धरून ट्रेलरचं एकूण वजन जास्तीत जास्त किती असावं, हे तिच्यावर छापलेलं असतं. ६ फूट रुंद, १२ फूट लांब अशा एका आसाच्या ट्रेलरवर तो आकडा पुष्कळदा २९९० पौंड असतो, म्हणजे साधारण १३५६ किलो. गंमत अशी, की खालची आस बहुधा ३५०० पौंड पेलणारी असते. मग पाचशे पौंड गेले कुठे? अनेक राज्यांत ३००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. पाटीवर दहा पौंड कमी लिहिले की ब्रेकशिवाय ट्रेलर विकता येतो. पोलादाची ताकद तीच, पण आकडा कायद्याच्या उंबरठ्याच्या अलीकडे थांबलेला. तरीही रस्त्यावर पाळायचा तो पाटीवरचाच आकडा.

या पेटीचं रिकामं वजन साधारण १२०० ते १३०० पौंड धरलं तर घर थाटायला उरतात पावणेआठशे-आठशे किलो. ऐकायला भरपूर वाटतं. पण चार बाय आठ फुटांचा जाड प्लायवूडचा एक तक्ता तीसेक किलोचा असतो, पाणी लिटरला किलो या हिशेबाने वाढतं, शिवाय बॅटरी, गॅसची टाकी, कपडे, भांडी, सायकली आहेतच. म्हणून एका आसाचा ट्रेलर घेतला तरी ब्रेक मागून घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे. कुटुंब मोठं असेल तर दोन आसांचा, ७००० पौंडांच्या पाटीचा ट्रेलर बघावा. अर्थात तो ओढण्याची ताकद आपल्या मोटारीत आहे का, हे आधी तिच्या माहितीपुस्तिकेत पाहून.

आता भिंतीकडे. पत्र्याआड पोलादी बरगड्या उभ्या असतात, दर १६ इंचांवर किंवा दर २४ इंचांवर. हे दोनच आकडे पुन्हा पुन्हा का येतात? प्लायवूडचा तक्ता ८ फूट, म्हणजे ९६ इंच लांब. ९६ ला १६ ने भाग जातो आणि २४ नेही. त्यामुळे तक्त्याची कड कुठेही अधांतरी लोंबत नाही, बरोबर बरगडीवर येऊन टेकते. लाकडी घरांच्या बांधकामात रुळलेला हा हिशेब पोलादाच्या या गाडीतही उतरला. राहण्यासाठी घ्यायचा तर १६ इंची अंतराचा घ्यावा, आणि छताच्या आडव्या बरगड्यांचं अंतरही विचारावं, कारण सौर पट्ट्या अखेरीस त्यांनाच घट्ट बसवायच्या असतात.

रुंदीची कथा त्याहून सुरस आहे. १९८२ च्या केंद्रीय कायद्याने अमेरिकेच्या मुख्य महामार्गांवर मालवाहू गाड्यांची कमाल रुंदी ९६ वरून १०२ इंच झाली. या १०२ इंचांत ट्रेलर दोन तऱ्हांनी बसवता येतो. पेटी ७ फुटांची, म्हणजे ८४ इंच ठेवायची आणि चाकं तिच्या बाहेर काढायची. दोन्ही बाजूंची चाकं आणि त्यांवरची मडगार्डं धरून बेरीज १०२ च्या आसपास येते. किंवा पेटीच साडेआठ फुटांची, बरोबर १०२ इंच करायची आणि चाकं तिच्या पोटात घ्यायची. मग आत दोन्ही बाजूंना चाकांचे उंचवटे येतात. एकाच कायद्यातून जन्मलेली ही दोन भावंडं आवारात शेजारी शेजारी उभी असतात.

झोपणाऱ्याला यातून फार व्यावहारिक प्रश्न पडतो. अमेरिकेतली क्वीन आकाराची गादी ८० इंच लांब असते. ७ फुटी पेटीच्या आतली रुंदी साधारण तेवढ्यास तेवढी भरते, आणि भिंतीला आतून फोमचा थर दिला की गादी आडवी मावत नाही. ६ फुटी पेटीत आडवं झोपायचं तर भिंतींची जाडी वजा जाता साडेपाच फुटांच्या आसपास जागा राहते. त्याहून उंच माणसाला लांबीच्या दिशेने झोपावं लागतं आणि आतली सगळी मांडणी बदलते. उंचीचं तेच. साध्या ट्रेलरमध्ये सहा-सव्वासहा फूट उंची मिळते. तळाला आणि छताला फोम दिल्यावर त्यातले तीन-चार इंच जातात, आणि पावणेसहा फुटांचा माणूस दिवसभर मान आखडून वावरतो. नवा ट्रेलर मागवताना सहा इंच किंवा फूटभर जास्त उंची थोडे पैसे भरून मिळते. नंतर छत उचलणं कुणाच्या आवाक्यातलं नाही. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील, तर ते उंचीवर करावेत.

वेगात धावणाऱ्या ट्रेलरचा तोल हे तर मला खरं आश्चर्य वाटतं. सरकत्या पट्ट्यावर खेळण्यातली मोटार आणि तिच्यामागे ट्रेलर ठेवून केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. वजनं ट्रेलरच्या पुढच्या भागात ठेवली आणि बोटाने ट्रेलरला टिचकी मारली, तर तो दोनदा डुलतो आणि सरळ होतो. तीच वजनं मागे सरकवून तेवढीच टिचकी मारली, तर डुलणं वाढत जातं, आणि काही क्षणांत मोटारीसकट सगळं आडवं होतं. एकूण वजन तेच, वेग तोच. बदलली ती फक्त वजनाची जागा.

हे असं का होतं? ट्रेलर पुढच्या गोळ्यावर, म्हणजे हिचवर, बिजागरीसारखा फिरतो. तो तिरका झाला की टायर जमिनीला धरून त्याला मागे खेचतात आणि तो रेषेत येतो. पण येताना थोडा पलीकडे जातो, पुन्हा परततो. दर हेलकाव्यात टायर थोडी ऊर्जा खाऊन टाकतात, म्हणून हेलकावे विरतात. वेग वाढतो तशी टायरांची ही विरवण्याची शक्ती उणावत जाते. प्रत्येक भरलेल्या ट्रेलरचा एक वेग असा असतो, की त्याच्या पलीकडे हेलकावे विरण्याऐवजी फुगू लागतात. मागे वजन असेल तर तो वेग खाली येतो, योग्य जागी वजन असेल तर रोजच्या वापराच्या खूप वर राहतो. उलाळ झालेली बैलगाडी गाडीवानाला चालत नाही, तो ओझं पुढे सरकवून घेतो. इथेही एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावर यावा लागतो.

त्यात आणखी एक बारकावा आहे. पुढच्या आणि मागच्या टोकाला सारखी वजनं ठेवून दांड्यावरचा भार जुळवता येईल, पण ते पुरेसं नाही. फिरणाऱ्या वस्तूचं जडत्व अंतराच्या वर्गाने वाढतं. ५० किलोची बॅटरी आसापासून अर्ध्या मीटरऐवजी दोन मीटरवर ठेवली, तर अंतर चौपट होतं आणि हेलकाव्यातला तिचा वाटा सोळापट. म्हणून जड सामान आसाच्या जवळ, किंचित पुढे. पाण्याची टाकी तर आसावरच, कारण ती भरते, रिकामी होते, आणि तिच्यामुळे तोल रोज बदलायला नको. म्हणजे ट्रेलर पसंत करताना हातात मोजपट्टी आणि आतल्या मांडणीचा कच्चा नकाशा हवा: आस नेमकी कुठे आहे, बिछान्याखालचा कप्पा तिच्या पुढे पडतो की मागे. मागच्या दारावर सायकलींचा स्टँड लटकवायचा बेत असेल, तर तो इथेच सोडून द्यावा.

आसांतही दोन प्रकार. जुन्या पद्धतीची पाटे असलेली, आणि दुसरी रबरी. दुसरीची रचना अफलातून आहे: चौकोनी नळीच्या आत एक चौकोनी दांडा ४५ अंशांत तिरका बसवलेला, आणि चार कोपऱ्यांत चार रबरी दोऱ्या दाबून भरलेल्या. चाक वर उचललं की दांडा पिळला जातो, रबर चेपतं, धक्का तिथेच मुरतो. पाटे नाहीत, वंगण द्यायचे सांधे नाहीत. एका आसाच्या ट्रेलरला मी हाच प्रकार निवडेन. टायर मात्र वयाने बघायचे, नक्षीने नाही. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा.

माणूस आणि माल यांतला सगळ्यात मोठा फरक मात्र पहिल्याच थंड रात्री उघड होतो. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात सोडतो. दोघे असले तर अर्धा लिटर. आता ६ बाय १२ फुटांची, ६ फूट उंच पेटी घ्या. तिच्यात साधारण १२ घनमीटर हवा मावते. १५ अंश सेल्सियसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १३ ग्रॅमच्या आसपास बाष्प धरू शकते, म्हणजे पेटीतली सगळी हवा मिळून दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम. दोन माणसांनी सोडलेलं बाष्प त्या हवेच्या ताकदीच्या तिप्पट आहे! शिवाय आत उघड्या ज्योतीवर गॅस जाळला, तर भर पडते: एक किलो प्रोपेन जळताना हवेतला ऑक्सिजन घेऊन सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. इंधनाच्या वजनाहून त्यातून निघालेलं पाणी जास्त!

हे पाणी जातं कुठे? जो पृष्ठभाग सगळ्यात गार, त्यावर ते दव होऊन बसतं. आणि इथे बरगड्या पुन्हा समोर येतात. फोमच्या तुलनेत पोलाद हजारपटीहून अधिक सहजतेने उष्णता वाहून नेतं. बरगड्यांच्या मधल्या जागेत कितीही चांगला फोम भरला, तरी प्रत्येक बरगडी बाहेरची थंडी सरळ आत आणते. सकाळी भिंतीवर दर १६ इंचांनी ओल्या उभ्या रेघा उमटलेल्या दिसतात. भिंत आपल्या सांगाड्याचं चित्र स्वतःच काढून दाखवते. प्लायवूडमागे साठलेलं हे पाणी दिसत नाही, आणि तिथे बुरशी व गंज धरतो. त्यावर उपाय म्हणजे बरगड्यांवरूनही जाणारा फोमचा सलग थर, मग तो अर्धा इंचाचा का असेना. रुंदी आणि उंचीतून कापले जाणारे इंच यासाठीच द्यायचे असतात.

तरी फोम पाण्याला बाहेर घालवत नाही. ते काम हवेचं. छतात १४ इंची चौकोनी झरोका आणि पंखा, आणि खालच्या बाजूला हवा आत यायला फट किंवा खिडकी, दोन्ही हवं. नुसता पंखा असला तर तो बंद डब्यातली हवा ओढणार कुठून? मागवतानाच झरोक्याची चौकट कारखान्यात बसवून घ्यावी, म्हणजे छताची बरगडी नंतर कापावी लागत नाही. गॅस वापरणार असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र पहिल्या दिवसापासून लावा. त्या वायूला ना रंग ना वास.

शेवटी दारं. मागे दोन पर्याय: उतरंडीसारखं खाली पडणारं एकसंध दार, किंवा कपाटासारखी दोन पाखं. मोटारसायकल चढवायची नसेल तर पाखं घ्यावीत. ती हलकी असतात आणि एकच पाख उघडून भागतं. पण दोन्हींचे अडसर बाहेरून लावायचे असतात, बाजूच्या दारालाही अनेकदा बाहेरून सरकवायचा लोखंडी दांडा असतो. मालाला आतून दार उघडण्याची गरज नसते. आत माणूस झोपला असताना कुणी तो दांडा सरकवला, किंवा ओट्याजवळ आग लागून बाजूच्या दाराची वाट अडली, तर बाहेर पडायला मार्ग उरत नाही. म्हणून बाजूच्या दाराला आतून उघडणारी कडी मागवून घ्यावी, बाहेरचा दांडा काढून टाकावा, आणि ट्रेलरच्या दुसऱ्या टोकाला, बिछान्यालगत, खांद्यासकट माणूस बाहेर पडेल एवढी खिडकी बसवावी. तीही दोन बरगड्यांच्या मधलं अंतर आधी मोजून.