वेग घसरताना स्टिक गप्प का?

रडरचा विषय आज घ्यायचा होता, तो पुढच्या आठवड्यावर टाकतो. मागच्या लेखावर आलेला एका वाचकाचा प्रश्न त्याआधी सुटायला हवा: एअरबस ए-३२० मध्ये साइडस्टिक मोकळी सोडून इंजिनांची ताकद कमी केली, तर विमान नाक खाली घालतं का? नॉर्मल लॉमध्ये, म्हणजे संगणकाची सगळी संरक्षणं चालू असताना, घालत नाही, आणि माझ्या मते या विमानाबद्दल समजून घ्यायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. जुन्या विमानात वेग घटला की नाक झुकतं. ते वर धरायला योक ओढावा लागतो आणि हाताला लागणारा तो वाढता जोर हीच वेग घटल्याची खबर असते. एअरबसमध्ये स्टिक मध्यभागी असणं म्हणजे ‘आहे तोच मार्ग धर’ असा हुकूम. म्हणून वेग घटेल तसा संगणक एलिव्हेटरने नाक उचलत जातो आणि तो भार शेपटीच्या स्टॅबिलायझरवर सोपवतो. हेच ऑटोट्रिम. हाताला काहीच लागत नाही. अँगल ऑफ अटॅक, म्हणजे पंखाचा समोरून येणाऱ्या हवेशी होणारा कोन, ‘अल्फा प्रॉट’ या मर्यादेला पोचल्यावर ट्रिम थांबतं, पुढे स्टिक पूर्ण ओढली तरी विमान ‘अल्फा मॅक्स’पलीकडे जात नाही, आणि मधेच ‘अल्फा फ्लोअर’ इंजिनांना आपणहून पूर्ण ताकद देतो.

हे संरक्षण उत्तम आहे. माझी तक्रार त्याच्या अलीकडच्या टप्प्याबद्दल आहे, जिथे वेग घसरतो आणि हात अंधारात राहतो. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ६०५ क्रमांकाचं ए-३२० बंगळूरला उतरत होतं. इंजिनं आयडलवर होती, वेग घटत गेला आणि तो ध्यानात यायला फार उशीर झाला. अल्फा फ्लोअर जागा झालाही, पण आयडलवरून ताकद चढायला काही सेकंद लागतात, आणि तेवढी उंची उरली नव्हती. १४६ पैकी ९२ जण गेले. पुढे या विमानांत ‘स्पीड, स्पीड, स्पीड’ असा बोलका इशारा आला. हाताची खबर कानाला द्यावी लागली.

यावर बोइंग ७७७ चा दाखला देतात. तिथे ट्रिम वेगाशी बांधलेलं आहे, वेग घटला की योक जड होतो. तरीही २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एशियानाच्या ७७७ चा वेग १३७ नॉट हवा असताना १०३ पर्यंत उतरला. आक्षेप खरा आहे. हाताची खबर पुरेशी नसते, एवढं त्यातून सिद्ध होतं. ती काढून टाकावी असं होत नाही. खुद्द एअरबसनेही ती पुरती काढलेली नाही. उतरताना ३० फुटांखाली संगणक मुद्दाम हळूहळू नाक खाली घालतो, म्हणजे वैमानिकाला जुन्या विमानासारखी स्टिक ओढावी लागते.

‘ट्रिमचं चाक फिरताना दिसतं की!’ हा दुसरा आक्षेप. दिसतं, पण ते गुडघ्याशेजारी असतं आणि नजर समोरच्या पडद्यावर. २००८ मध्ये पेर्पिन्यांजवळ चाचणी-उड्डाणात ए-३२० चे अँगल ऑफ अटॅकचे सेन्सर गोठले होते, त्यामुळे संरक्षण जागंच झालं नाही. वेग घटवताना ऑटोट्रिमने स्टॅबिलायझर नाक वर करण्याच्या टोकापर्यंत नेऊन ठेवला. मग विमान डायरेक्ट लॉमध्ये, म्हणजे स्टिक थेट एलिव्हेटर हलवते त्या अवस्थेत, गेलं, ऑटोट्रिम सुटलं, पूर्ण ताकद दिल्यावर नाक उसळलं आणि ते आवरता आलं नाही. ट्रिम हाताने करा, अशी सूचना तेव्हा पडद्यावर होती.