लॅपटॉप एक, खाती दोन

चेन्नईजवळच्या ओरगडममध्ये रेनॉ-निस्सानचा कारखाना २०१० साली सुरू झाला; पुढे डेमलरचे ट्रक आणि रॉयल एनफील्डच्या मोटारसायकलीही तिथं बनू लागल्या. पिंपरी-चाकणहून अशा ठिकाणी नोकरीला गेलेल्या माणसाकडे सहसा दोन नंबर असतात, एक कंपनीचा आणि एक घरचा. म्हणजे व्हॉट्सॲपची खातीही दोन; लॅपटॉप मात्र एकच.

व्हॉट्सॲप वेबवर लॉगिन केलं की ब्राउझर त्या खात्याची ओळख आणि सांकेतिक किल्ल्या आपल्या साठ्यात ठेवतो. एका प्रोफाइलमध्ये एका संकेतस्थळासाठी साठा एकच. म्हणून दुसरा टॅब उघडला तरी खातं तेच. क्रोम किंवा एजमध्ये नवं प्रोफाइल बनवा, साठा वेगळा होतो आणि दुसरं खातं सुखानं नांदतं. खासगी खिडकीनंही भागतं, पण ती बंद केली की पुन्हा क्यूआर कोड आलाच.

संगणकावर बसवलेल्या प्रोग्रामची गोष्ट निराळी. त्यातले बरेचसे सुरू होताना विंडोजकडे ‘म्यूटेक्स’ नावाची खूण नोंदवतात; दुसरी प्रत ती खूण पाहून मुकाट बंद होते. याहू मेसेंजरसाठी (तो २०१८ मध्ये बंद पडला) विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘प्लूरल’ अशी नोंद करून १ आकडा भरला की दोन खाती चालत. हे ज्याला जमे तो तेव्हा मित्रमंडळींत तज्ज्ञ ठरे! दोन खाती चालवायला कुठूनतरी उतरवलेले आयते प्रोग्राम वापरणं मात्र निव्वळ धाडस. आपला पासवर्ड परक्याच्या हाती जायचा.

व्हॉट्सॲपच्या एका खात्याला फोनखेरीज चारच उपकरणं जोडता येतात, आणि ब्राउझरचं प्रत्येक प्रोफाइल त्यात वेगळं मोजलं जातं.